तोंड मीट, मग दिसेल

“दाढा जुळल्या, वरचा जबडा रुंद झाला, चावा सरळ झाला… मग हिचा डावा गाल अजून झोपलेलाच का, बाई?”

डॉ. अभिनंदन मगदूमने हा प्रश्न उंबऱ्यातूनच विचारला. चपलासुद्धा अजून पायातच होत्या.

समोर आरवाडे बाई जेवत होत्या. त्यांनी मान वर केली, डाव्या हाताने ‘आत या’ अशी खूण केली आणि चावत राहिल्या.

अभिनंदन थांबला…

थांबावंच लागतं. तोंडात घास असताना बाई बोलत नाहीत, आणि बाईंचा घास लवकर संपत नाही. वाकडे दात सरळ करण्याची विद्या त्यांनी कॉलेजात तीसेक वर्षं शिकवली. निवृत्त होऊन मिरजेतल्या या घरात राहायला आल्या, त्यालाही बराच काळ लोटला. अजून स्वतःच्या दातांनी भाकरी खातात. कुणी ‘मॅडम’ म्हटलं तर म्हणतात, मॅडम साडीच्या दुकानात असतात, मी बाई.

अभिनंदन हा त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. हे मत त्याचंच. आईवडिलांनी नावच अभिनंदन ठेवल्यामुळे ते दुसऱ्या कुणी करायची वाट बघण्याची सवय त्याला लागली नव्हती. हात मात्र खरोखर सोन्याचा होता. ते बाईही मान्य करत, पण त्याच्या पाठीमागे.

आज तो एकटा आला नव्हता. मागे आरग गावच्या वंदनाताई चौगुले उभ्या होत्या. त्यांचा तिकडे पानमळा आहे. आणि त्यांच्या पदराआडून नऊ वर्षांची रेणुका डोकावत होती.

रेणुकाचं दुखणं सांगायला सोपं होतं. स्टीलच्या डब्याचं झाकण जसं डब्याच्या बाहेरून बसतं, तशा वरच्या दाढा खालच्या दाढांच्या जराशा बाहेरून बसायला हव्यात. रेणुकाच्या डाव्या बाजूला झाकणच डब्याच्या आत गेलं होतं. त्यामुळे तोंड मिटताना तिचा जबडा डावीकडे सरकायचा, हनुवटी नाकाच्या रेषेत राहायची नाही, आणि शाळेतली पोरं तिला ‘तिरपी’ म्हणायची.

अभिनंदनने तिच्या टाळूला एक यंत्र बसवलं. यंत्राच्या मधोमध बारीकसा स्क्रू. त्याला आईने चावी लावायची, रोज थोडीशी फिरवायची, आणि वरचा जबडा केसभर केसभर रुंदावायचा. वंदनाताईंनी न चुकता चावी फिरवली. झाकण डब्यावर बसलं, हनुवटी मधोमध आली. मग त्या जागेवर सगळं पक्कं व्हावं म्हणून यंत्र तसंच ठेवलं, आणि वर्षाच्या शेवटी काढलं. फोटो असे आले की अभिनंदनने ते दवाखान्याच्या भिंतीवर लावले.

पण डावा गाल काही भरेना.

कानाच्या खालून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत जो चावण्याचा स्नायू जातो, तो उजवीकडे बोटाला टणक लागायचा. डावीकडे शोधावा लागायचा. अभिनंदनने स्नायूंची वीज मोजणारं नवं मशीन घेतलं होतं. गालांवर चकत्या चिकटवून त्याने दोन्ही बाजूंचा आलेख काढला. उजवीकडे डोंगररांगा, डावीकडे माळरान.

मग त्याने मनाशी ठरवून टाकलं. जबडा अजून पुरेसा रुंदावलेला नाही. दुसरं यंत्र बसवायचं. आणखी एक वर्ष.

फक्त बाईंनी मान हलवायची बाकी होती. खरं म्हणजे त्याचीही त्याला गरज वाटत नव्हती. पण एवढी सुरेख केस बाईंना दाखवल्याशिवाय त्याला चैन पडलं नसतं.

आणि रेणुका? यंत्र टाळूला असताना तिला ‘स’ म्हणता यायचा नाही. ‘सरस्वती’ म्हणायला उभी राहिली की अख्खा वर्ग हसायचा. त्या वर्षात तिने वर्गात हात वर करणं सोडलं. आता दुसऱ्या यंत्राचं नाव निघाल्यापासून ती घरातही जेवढ्यास तेवढं बोलत होती. येताना एसटीत तिने आईला एकच विचारलं होतं, “परत बसवणार?” आणि आईने खिडकीबाहेर बघितलं होतं.

बाईंचा घास संपला.

“दाखव,” त्या म्हणाल्या.

अभिनंदनने झटकन लॅपटॉप उघडला.

“ते नव्हे. पोरगी दाखव.”

“हो, हो. रेणुका, इकडे ये. आ कर.”

रेणुकाने आ केला. इतक्या सवयीने की डोळेही आपोआप छताकडे गेले.

बाईंनी चष्मा सावरला. वाकून पाहिलं, उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे…

“मीट,” त्या म्हणाल्या.

रेणुकाला कळेना. डॉक्टर मंडळींकडून हा शब्द तिने पहिल्यांदाच ऐकला असावा.

“तोंड मीट, बाळ.”

“झालं बघून?” अभिनंदनने विचारलं.

“दाढा बघून झाल्या. सुंदर आहेत. तुझं काम नेहमीच सुंदर असतं.”

अभिनंदन फुलला.

“पण आ करून कुणी जेवतं का रे?”

…

“ही जेवताना तू कधी पाहिलीस?” बाईंनी विचारलं.

“पाहिलीय की. च्युइंगम चघळायला दिलं होतं. मशीन लावून.”

“जेवताना.”

दवाखान्यात कोण जेवायला येतं, असं काहीतरी अभिनंदनच्या ओठांवर आलं होतं, पण ते त्याने गिळलं.

बाई वंदनाताईंकडे वळल्या. “जेवलात का?”

“घरातनं खाऊनच निघालोय की.”

“खाऊन निघालेली माणसं भाकरीच्या टोपल्याकडं अशी बघत नाहीत. बसा दोघी.”

वंदनाताई लाजल्या, हसल्या आणि बसल्या. बाईंनी उठून दोन ताटं वाढली. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, काकडीच्या फोडी.

“मला नको, बाई,” अभिनंदन म्हणाला. “दवाखाना उघडायचाय.”

“तुला विचारलं कुणी?”

तो उभाच राहिला. एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा मोबाइलकडे. बाई आपल्या ताटाकडे परतल्या आणि पुन्हा चावू लागल्या. पोरीकडे त्यांनी बघितलंही नाही. त्यामुळे बघायला अभिनंदनच उरला.

रेणुकाने घास मोडला. उसळीत बुडवला. तोंडात घातला, आणि घालताना मान किंचित उजवीकडे कलली. घास उजव्या गालात गेला. तिथेच वळला, तिथेच दळला गेला. मटकीचा एक दाणा चुकून डावीकडे घरंगळला असावा, कारण तिची जीभ लगबगीने तिकडे गेली आणि त्याला घेऊन आली, जशी मळ्याच्या कुंपणाबाहेर गेलेली शेळी कुणी हाकून आणावी.

दुसरा घास. तिसरा. तीच मान, तोच गाल.

अभिनंदन नकळत एक पाऊल पुढे सरकला.

“बघा,” तो म्हणाला, “हेच म्हणतोय मी. डावीकडे ताकदच नाही. म्हणून ती तिकडून खात नाही.”

बाईंनी घास संपवला. “की खात नाही म्हणून ताकद नाही?”

“दोन्ही असू शकतं.”

हे म्हणताना त्याचा आवाज दारातल्यापेक्षा बराच खाली आला होता.

“मग कुणाला विचारायचं?”

“आलेख पुन्हा काढता येईल. सोनोग्राफी करून स्नायूची जाडी मोजता येईल. शिवाय परदेशात यावर बरंच काम झालंय, त्यातलं…”

बाईंनी हनुवटीनेच रेणुकाकडे खूण केली.

“हिला?” अभिनंदनने विचारलं.

“तोंड तिचं आहे ना?”

अभिनंदन जमिनीवर उकिडवा बसला. पँटची इस्त्री मोडली. लहान मुलाला ‘दुखतंय का’ याखेरीज काय विचारायचं, याची त्याला काही सवय नव्हती.

“रेणुका… तू डावीकडून का चावत नाहीस?”

रेणुकाने आईकडे बघितलं. मग बाईंकडे. मग ताटाकडे.

“सांग की,” आई म्हणाली. “डॉक्टरच इचारत्यात न्हवं.”

“तुमीच सांगितलंय,” रेणुका म्हणाली.

“मी? काय सांगितलं?”

“डावीकडनं चावायचं न्हाई म्हणून.”

अभिनंदन हसला. “मी कशाला असं सांगेन?”

कुणीच हसलं नाही…

“सांगितलंसा की,” वंदनाताई म्हणाल्या. “गेल्या पावसाळ्यात त्या यंत्राचं डावीकडचं सिमेंट सुटलं हुतं बगा. तुमी ते परत चिकटवलंसा. आणि म्हणालासा, डावीकडून चावायचं नाही. आमी त्ये पथ्य धरलं.”

“अहो, ते त्या दिवसापुरतं होतं! सिमेंट पक्कं होईपर्यंत!”

“तसं काय म्हणाला न्हाईसा.”

वंदनाताईंच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट त्या सरसावून बसल्या.

“जत्रा असू दे, लगीन असू दे, सण असू दे. पोळी, लाडू, काय बी. सगळं उजवीकडनं. एकदा हिच्या आत्यानं जबरीनं डाव्या गालात पेढा कोंबला, तर हिनं थुकून टाकला. डॉक्टरांचं पथ्य हाय म्हणाली. आत्या रुसली, दोन महिनं आली न्हाई. पर आमी पथ्य मोडलं न्हाई, डॉक्टर. एक दिस बी न्हाई.”

हे त्या मोठ्या अभिमानाने सांगत होत्या. त्या अभिमानापुढे अभिनंदनला मान वर करवेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

आपल्याकडे माणसं औषध विसरतात, पथ्य विसरत नाहीत. गोळ्या कधी संपल्या ते पाकीट सांगतं. पथ्य कधी संपलं ते ज्याने लावलं त्यानेच सांगायचं असतं, आणि तो न बोलला तर लोक ते जन्मभर पाळतात. अभिनंदन याच मुलखात वाढलेला. त्याची स्वतःची आजी कुठल्याशा मेलेल्या वैद्याच्या सांगण्यावरून शेवटपर्यंत दही खात नव्हती. त्याला हे ठाऊक असायला हवं होतं.

“अभिनंदन,” बाई म्हणाल्या.

“हं.”

“चावी फिरवायला सांगितलीस?”

“हो.”

“रोज?”

“रोज.”

“आणि चावायला?”

…

बाईंनी हात धुतला, फडताळातून सुक्या खोबऱ्याची वाटी काढली, सुरीने एक तुकडा तोडून रेणुकाच्या तळहातावर ठेवला. मग अभिनंदनची बोटं धरली आणि रेणुकाच्या गालांवर नेऊन टेकवली. उजवी चार एकीकडे, डावी चार दुसरीकडे.

“आता सांग तिला.”

“रेणुका,” अभिनंदन म्हणाला. “पथ्य सुटलं. डावीकडून चाव.”

रेणुकाने खोबरं तोंडात घातलं नाही. मुठीत धरून ठेवलं.

“आणि यंत्र?” तिने विचारलं.

वंदनाताईंचा हात ताटात थांबला.

अभिनंदनने बाईंकडे बघितलं. बाई आपल्या ताटापाशी परतल्या होत्या आणि त्यांचं सगळं लक्ष ताटातल्या चटणीकडे होतं. तिच्यात काही बघण्यासारखं नव्हतं, पण त्या बघत होत्या. म्हणजे हे उत्तर त्यालाच द्यायचं होतं.

भिंतीवरचे फोटो त्याच्या डोळ्यांपुढून गेले. आलेख गेले. मग त्याने बोटांखालच्या दोन गालांकडे बघितलं.

“यंत्र नाही,” तो म्हणाला. “आधी तू चावून बघ. मी काही महिन्यांनी पुन्हा मोजतो. माझा अंदाज चुकला होता, रेणुका. नीट न विचारता केला होता.”

डॉक्टर असं म्हणतात, हे तिला नवीन होतं. तिने आईकडे वळून खात्री करून घेतली. मग खोबरं तोंडात घातलं आणि भीत भीत डावीकडे नेलं.

उजव्या गालावरच्या बोटांना नेहमीचा टणक स्नायू लागला. डाव्या गालावरच्या बोटांखालीही काहीतरी हललं. झोपेतून उठवलेलं मूल कूस बदलतं तेवढंच. पुन्हा हललं. मग रेणुकाची जीभ सवयीने धावली आणि खोबरं उजवीकडे घेऊन गेली.

“चुकलं,” रेणुका घाबरून म्हणाली.

“नाही चुकलं. परत ने.”

तिने परत नेलं. परत निसटलं. परत नेलं.

खिशात मोबाइल वाजत होता. दवाखान्यातून असणार. अभिनंदनने तो वाजू दिला. बोटं उचलायची त्याची तयारी नव्हती. गेलं वर्षभर तो या तोंडाच्या आत वाकून बघत होता, आणि बाहेर, कातडीच्या एवढ्याशा थराखाली, काय चाललंय ते त्याला आज पहिल्यांदा कळत होतं. त्याला फार बरं वाटलं. फार वाईटही वाटलं.

“बाई, म्हणजे हे सगळं माझ्या त्या एका वाक्यामुळे?”

“सगळं नाही रे. इतकं सोपं असतं तर मी तीस वर्षं काय माशा मारल्या? चावा वाकडा होता, तेव्हाच त्या स्नायूनं वाकडं काम करायची सवय लावून घेतली होती. तू रस्ता सरळ केलास. चालणारा जुन्याच वळणानं चालतोय. वर तू डावीकडे नाकाबंदी करून ठेवलीस.”

“पण काही मुलं तर चावा सरळ झाला की आपोआप दोन्हीकडून खायला लागतात. माझीच किती तरी.”

“लागतात.”

“आणि काही लागत नाहीत.”

“नाही लागत.”

“असं का?”

बाईंचा चेहरा एकदम उजळला. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या जागी क्षणभर कुणी कॉलेजातली मुलगीच बसलीय असं वाटलं.

“मलाही नाही ठाऊक! तुला कळलं तर पहिलं मला येऊन सांग. आणि ते मशीन टाकून देऊ नकोस बरं का. चांगलं आहे. फक्त च्युइंगमच्या जागी भाकरी दे.”

वंदनाताई रेणुकाला घेऊन हात धुवायला मागच्या अंगणात गेल्या. तिथून रेणुकाचा आवाज आला. ती आईला काहीतरी भराभरा सांगत होती. त्यात ‘स’ बरेच होते, आणि सगळे स्वच्छ होते.

अभिनंदन अजून जमिनीवरच बसला होता.

“बाई…”

“बोल.”

“वर्षभर मी तिला काही विचारलंच नाही. तिलाही नाही, आणि बाकीच्या पोरांनाही नाही. आ कर, चूळ भर. एवढंच.”

“का?”

त्याने जमिनीवर पडलेला भाकरीचा कण बोटाने उचलला.

“पेशंटशी बोलत बसायचं नाही,” तो शेवटी म्हणाला. “हात चालवायचा.”

“हे कुठल्या शहाण्यानं शिकवलं तुला?”

अभिनंदनने खाली बघितलं.

“तुम्हीच, बाई. पहिल्या वर्षी. ओपीडीची रांग जिन्यापर्यंत गेली होती, आणि मी एका म्हाताऱ्या बाबांशी त्यांच्या बैलांबद्दल बोलत उभा होतो. तुम्ही मागून आलात आणि म्हणालात, मगदूम, बोलायचं नाही. हात चालव.”

बाईंनी नुकताच घास उचलला होता. तो ताट आणि तोंड यांच्यामध्येच थांबला.

तोंड रिकामं होतं, तरी बाई काही बोलल्या नाहीत…

“मला नाही आठवत,” बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या.

“रांग फार होती, बाई.”

“त्या दिवसापुरतं म्हणाले असेन.”

“असेल.”

“आणि तू…”

“मोडलं नाही,” अभिनंदन म्हणाला.

बाईंनी घास ताटात ठेवला. गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मांडणीतून एक ताट काढलं, पदराने पुसलं आणि आपल्या ताटाशेजारी मांडलं. त्यावर अख्खी भाकरी ठेवली, उसळ वाढली, चटणी वाढली, काकडीच्या उरलेल्या सगळ्या फोडी वाढल्या.

“बाई, दवाखाना…” अभिनंदन म्हणाला.

“बस. आज तुझंही पथ्य सुटलं. उद्यापनाच्या घरून उपाशी जायचं नसतं.”